न प्यालेल्या दारूची माळ

झेंड्याच्या दिवशी, शाळेच्या पटांगणात, माझ्याच विद्यार्थ्यांसमोर माझे तोंड हुंगले गेले.

मी गुडघ्यांवर होतो. चिखलात बांबू आडवा पडला होता. बांबूला झेंडा होता. दोरीचे टोक माझ्या मुठीत तसेच राहिले होते. गावचा कोतवाल डोमाभाऊ माझ्यापुढे उकिडवा बसला. गावचे जमीनदार, मालगुजार, त्याच्या मागे उभे होते.

"हा कर म्हण त्याले," मालगुजार म्हणाले.

"हा करा, मास्तर," डोमाभाऊ म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

मी हा केले. बाजारात बैलाचे दात पाहतात, तसे ते सगळ्यांनी पाहिले. चौथीची पोरे पुढच्या रांगेत होती.

डोमाभाऊने वास घेतला. मान हलवली. "बास नाई येत, मालक."

"तुले कशी येईन? तुहं नाक त मोहाच्या भट्टीतच वाढलं."

पटांगण हसले. डोमाभाऊलाही हसावे लागले. मग मालगुजार माझ्याकडे वळले. त्यांनी आवाज चढवला नाही. गरज नव्हती.

"ढिवराचं पोट्टं. तलावाच्या पाळीवर जलमलं. खुर्चीवर बसवलं त का घोट सुटते त्याचा? झेंडा पाडला यानं. देशाचा झेंडा."

एकमेव साक्षीदाराने वास येत नाही म्हणून सांगितले होते. तरी निकाल लागला होता.

घडले ते असे. झेंडा मालगुजारांच्या हातून फडकायचा होता. त्यांनी दोरी ओढली, गाठ सुटली नाही. पाकळ्या घालून झेंडा मी बांधला होता, म्हणून त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. "वर पाहून ओढ, मास्तर." मी मान वर केली. आभाळ डावीकडे सरकले, जागेवर आले, पुन्हा सरकले. आधारासाठी मी हातात होते ते घट्ट धरले. हातात दोरी होती. बांबू ओल्या मातीत रोवलेला होता. तो माझ्यासकट खाली आला.

मला घेरी येऊ लागून तेव्हा वर्ष होत आले होते. मागच्या पावसाळ्यात ताप आला, तापावर कुनैन घेतले, ताप गेला. मग एका सकाळी फळ्याकडून पोरांकडे वळलो आणि वर्ग फिरला. डोळे मिटले तरी ते थांबत नाही. पोटातले वर येते. मग आपोआप थांबते. माणूस जिथे होता तिथेच असतो, हातात खडू असतो. पुढे कित्येक दिवस काही होत नाही. मग झोपेत कुशीवर वळताना होते. मडक्यातले पाणी घ्यायला वाकताना होते. कधी होईल ते सांगता येत नाही, म्हणून मी कुंपण धरून चालू लागलो होतो. रस्त्यात ओकलोही होतो. पाहणाऱ्याला ते कसे दिसते, हे मला कळत होते. प्यालेला माणूस असाच चालतो.

आम्ही ढीवर. तलावात जाळे टाकायचे आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायचे. तलाव, त्याची पाळ, पाळीखालची धानाची जमीन, सगळे मालगुजारांचे. मालगुजारी कायद्याने गेली होती. मालगुजार गेले नव्हते. शाळासमितीचे अध्यक्ष तेच होते. बेचाळीस साली चिमूरकडे लोक मार खात होते तेव्हा त्यांच्या घरून शिपायांना कोंबड्या जात होत्या, हे गावात सगळ्यांना माहीत होते. आता ते खादी घालत. आमच्या वस्तीतून मास्तर झालेला मी पहिला. ती नोकरी होती म्हणून माय म्हातारपणी कमरेइतक्या पाण्यात उभी राहत नव्हती.

संध्याकाळी बोलावणे आले. मालगुजार ओसरीवर बसले होते. मी खाली अंगणात उभा. त्यांनी मला वाट दाखवली. पोळ्याला सगळे गाव तोरणाखाली जमेल. तिथे मी तुळशीची माळ घालायची आणि "आजपासून सोडली" म्हणायचे. झेंड्याचे प्रकरण गावातच मिटेल. माळ घातली नाही, तर मास्तराने दारू पिऊन झेंडा पाडला असे वर कळवावे लागेल.

"मी पीत नाई, मालक."

"सगळेच असं म्हणते. माळ घालेपरेंत."

माळेची रीत आमच्या भागात जुनी आहे. वाईट नाही. पिणारा माणूस सगळ्यांसमोर माळ घालतो आणि त्या दिवसापासून गाव त्याला मागचे विचारत नाही. भांडून वेगळा झालेला भाऊ पुन्हा जेवायला बोलावतो. माहेरी गेलेली बायको परत येते. माळेने वाचलेली घरे मी पाहिली आहेत. अवघड होते ते त्यामुळेच. ती शिक्षा म्हणून कोणी देत नव्हते. माफी म्हणून देत होते. आणि माफी घेतली की गुन्हा झालेला असतो.

वस्तीत माझी अडचण कोणाला कळेना.

"पीत नाईस ना तू?" मायने विचारले.

"नाई."

"मंग सोडाले काय तरास? जो पिते त्याले जड जाते. तुले त सोपंच आहे, बापू."

चुलता दारात जाळे सांधत बसला होता. तो म्हणाला, "घाल रे माळ. तुह्या वाटची मी पिऊन घेतो."

सगळे हसले. मीही हसलो. मायच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती. त्यावर उत्तर एकच होते, आजाराचे नाव. ते माझ्याकडे नव्हते. ती जागा रिकामी होती आणि मालगुजारांनी तिच्यात आपला शब्द बसवला होता.

म्हणून मी नाव शोधायला निघालो. माय आधी पुजाऱ्याकडे घेऊन गेली. त्याने सुपात तांदूळ टाकले आणि सांगितले, तलावातल्या आसरांनी धरले आहे. पोरगा मास्तर झाला, पाण्यात उतरेनासा झाला, त्यांना राग आला. मायला लगेच पटले.

मग चांद्याला, जिल्ह्याच्या गावी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मला बस म्हटले नाही. जात विचारली. मग म्हणाले, "लाखोळी खाता ना तुम्ही लोक?"

लाखोळीची डाळ आमच्याकडे गरिबाच्या घरी शिजते. रोज तीच पोटात गेली की माणसाचे पाय लुळे पडतात. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय चांगला उडाला. तरी ते म्हणाले, "लाखोळीच."

"साहेब, पाय बरे आहेत. डोकं फिरतं."

"मग पीत असशील."

पुजारी आणि डॉक्टर. दोघांनाही मला पाहण्याआधीच माहीत होते.

त्याच फेरीत मी मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक वयस्क डॉक्टरीणबाई होती, दक्षिणेकडची. तिची मराठी तुटक होती. तिने आधी मला बसवले. मग विचारत गेली. कोणत्या कुशीवर वळताना? किती वेळ? ऐकायला कमी येते का? कानात आवाज येतो का? कुनैन किती घेतले, कोणी दिले? तिने मला खाटेवर झटकन आडवे केले, मान काठाबाहेर लटकती धरली आणि माझ्या डोळ्यांत पाहत राहिली. दुसऱ्या बाजूने तेच केले. घेरी आली नाही. वर्षभर नको तिथे आली, त्या दिवशी हवी होती तर आली नाही.

"आज काही दिसत नाही," ती म्हणाली. "कान असेल. कुनैन असेल. दुसरे काही असेल. मला माहीत नाही."

"निदान दारू नाही, एवढं लिहून द्या."

"ते तुम्ही सांगता. मी पाहिले नाही. न पाहिलेले मी लिहीत नाही."

मी रागाने बाहेर आलो. मोटारीला वेळ होता. निंबाखाली बसून राहिलो, आणि बसल्या बसल्या राग दुसरीकडे वळला. ती बाई शिकलेली. गळ्यात नळी. समोर बसलेला ढीवर. त्याला तोंडावर म्हणाली, मला माहीत नाही. असे म्हणताना तिची मान खाली गेली नाही. तिच्या दवाखान्याला कुलूप लागले नाही. तिला माहीत नाही म्हणून तिच्या गळ्यात कोणी काही घालायला आले नाही.

मग मला ते का म्हणता येऊ नये?

पोळ्याला तोरण बांधले होते. बैल ओळीने उभे होते, शिंगे रंगवलेली. बैलांपुढच्या झडत्या, पोळ्याची तुकबंदी, म्हणून झाल्या होत्या. पितळी ताटात नारळ आणि माळ ठेवलेली होती.

"ये, मास्तर," मालगुजार म्हणाले.

मी पुढे गेलो. "माळ घालणार नाई, मालक."

"काऊन?"

"पीत नाई म्हणून."

"मंग झालं काय तुले? नाव सांग बीमारीचं."

"नाव माहीत नाई."

मालगुजार गावाकडे वळले. "ऐका! मास्तरले माहीत नाई. अन् हा आपल्या पोट्ट्याइले शिकवून राह्यला."

लोक हसले. ते थांबेपर्यंत मी थांबलो.

"डाक्तरीनबाईले बी माहीत नाई," मी म्हटले. "तिनं मले तसंच सांगितलं. मी तुमाले तसंच सांगून राह्यलो. काय झालं ते माहीत नाई. दारू नाई, ते माहीत आहे. जे कधी धरलं नाई ते सोडणार नाई. वर कळवायचं त कळवा. तोंड हुंगलं अन् बास आली नाई, ते बी कळवा. डोमाभाऊ साक्षीले आहे."

सगळ्यांनी डोमाभाऊकडे पाहिले. मीही मान वळवली. तो खाली पाहत होता.

"नोती येत बास," तो म्हणाला. एवढेच.

मान मी जोरात वळवली होती. तोरण सरकले. बैलांची रांग सरकली. या वेळी मी काही धरले नाही. होतो तिथे मांडी घालून बसलो. मालगुजार उभे असताना, त्यांच्यासमोर. आमच्यापैकी कोणी तसे बसल्याचे मला आठवत नाही.

"पाहा, आजही टाकून आला!" मागून कोणीतरी ओरडले.

गर्दीतून माय आली. तीच, जिने माळ घाल म्हणून जीव खाल्ला होता. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली, मान वर करून लोकांना म्हणाली, "काऊन पाहून राह्यले? घेरी आली त्याले. येते, जाते."

"उठव त्याले, बाई," मालगुजार म्हणाले.

"उठन. थांबली का उठन."

मी उठलो नाही. पूर्ण थांबेपर्यंत उठलो नाही. तोवर बैल उभे होते, गाव उभे होते, मालगुजार उभे होते. माळ ताटात होती.

नोकरी गेली नाही. माळ घातली असती तर माझी कबुली हाच पुरावा झाला असता. आता तो नव्हता. बदली झाली. अहेरीच्या पलीकडे, जंगलात, जिथे आधीचे मास्तर टिकले नव्हते. वाटेत नाले होते. घेरी येणाऱ्या माणसाला त्या वाटेवर कशासाठी पाठवतात, ते मला समजले. गेलो. नाला आला की बसून उतरत असे, चार पायांच्या जनावरासारखा. पाहणारे हसले तर हसू दिले. पोचत होतो.

तिथली पोरे गोंडी बोलत. पहिल्याच दिवशी, थोडे शब्दांनी, थोडे हातांनी, मी त्यांना सांगितले: मला घेरी येते. आली की मी खाली बसेन. तुम्ही वाचत राहायचे. ती वाचत राहिली. पाढेही थांबले नाहीत.

अहेरीच्या बाजारात एका लाकडाच्या ठेकेदाराने मला झाडाला टेकलेले पाहिले. "काय मास्तर, कालची उतरली नाई का?" त्याची माणसे हसली. मी सांगितले, "घेरी आहे. कशाची ते माहीत नाई. तुमाले माहीत असन त सांगा, नसन त बाजूले व्हा, हवा येऊ द्या." तो बाजूला झाला.

नाव अजून मिळालेले नाही. कोणी कान म्हणाले, कोणी मान, कोणी रक्त. मनाचे आहे, असेही एकाने सांगितले. प्रत्येकाला मी विचारतो, नक्की? नक्की नसेल तर ते नाव मी घेत नाही. खरे नाव मिळाले तर घेईन. न मिळता मेलो, तर बिननावाचा आजार घेऊन मरेन. तोवर ती जागा रिकामी राहील, आणि ती माझी आहे. तिथे आपल्या सोयीचा शब्द लिहायला जो कोणी येईल, त्याचा हात मी धरीन.