ओलोमोउत्समधलं उसनं आडनाव

हे मी आईला सांगितलेलं नाही, आणि कॅनबेरातल्या ज्या मैत्रिणीला माझ्या पायाच्या कुरूपापर्यंत सगळं ठाऊक आहे तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हीसुद्धा एक पळवाटच? असेल. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.

मी मूळची नागपूरची. शिकायला कॅनबेरात आले, नोकरी लागली, तिथल्याच गुंगालिन भागात एका छोट्या फ्लॅटमध्ये स्थिरावले. या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली — करोना हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नव्हता — तेव्हा पाठीवर सॅक टाकून एकटीच चेक देशात फिरायला गेले. प्राग, ब्रनो, ओलोमोउत्स. हॉस्टेलं मला फारच आवडली. दारात बूट काढायचे, अगदी आपल्यासारखे. खालच्या पलंगावर कुणी ब्राझीलची घोरतेय, वर कुणी कोरियाची मोजे वाळत घालतेय. 'कुठली?' असं विचारलं की मी 'ऑस्ट्रेलिया' म्हणायचे. चेहऱ्याकडे बघून पुन्हा विचारलं तर 'इंडिया'. तिथे चौकशी संपायची. आपल्याकडे ती तिथून सुरू होते.

ब्रनोच्या हॉस्टेलात शिरले तर स्वयंपाकघरातून फोडणीचा वास! ती शर्वरी. पुण्याची, माझ्याच वयाची, तीही एकटीच निघालेली, सॅकमध्ये पोह्यांचा पुडा घेऊन. कितीतरी दिवसांत मराठी बोलले नव्हते. मी जवळजवळ तिच्या गळ्यातच पडले. तिने बशी पुढे केली, वर लिंबू पिळलं आणि विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

आता हा प्रश्न आपली माणसं हवापाण्यासारखा विचारतात. तिच्या मनात काही होतं का? मला माहीत नाही — खरंच नाही, आणि याचंच मला आजही कुतूहल आहे. पण माझं आडनाव गजभिये. आम्ही बौद्ध. ते आडनाव ऐकल्यावर समोरचा किंचित थांबतो, मग 'अच्छा, अच्छा' म्हणतो, ते 'अच्छा' मी शाळेपासून ऐकत आलेय. ते त्या दिवशी, त्या गरम पोह्यांवर, मला नको होतं. मी म्हणाले, "कर्णिक."

कर्णिक या आमच्या चौथीच्या बाई. त्याच का आठवल्या? मी यावर पुष्कळ विचार केलाय. हाती काही लागलेलं नाही.

मग आम्ही दोघी ओलोमोउत्सला गेलो. तिथल्या चौकात एक भलंमोठं घड्याळ आहे. युद्धात ते मोडलं आणि पुन्हा उभारताना त्यावर संतांच्या जागी कामगार बसवले! मी खुळ्यासारखी बघत राहिले, बाबांसाठी फोटो काढले. शर्वरी कुडकुडत होती. "कर्णिक, चल ना गं, गोठले मी!" आणि मी लगेच वळले. त्या नावाला ओ द्यायला मी एव्हाना शिकले होते.

आता पुढचं. इथे मी नेहमी अडखळते.

संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आम्ही बटाट्याची भाजी टाकत होतो. एक मुलगा नूडल्सचं पाकीट घेऊन आत आला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "जय भीम! तू कॅनबेराची ना? मी सुमेध, सिडनीचा, स्कोफिल्ड्सला राहतो. लास्ट इयर जयंतीला आमच्याकडे खीर वाढत होतीस तू. मला दोनदा वाढलीस, मेट!"

खरं होतं. आंबेडकर जयंतीला मी सिडनीला गेले होते आणि खिरीच्या पातेल्यावर मीच उभी होते.

तुम्हाला ठाऊक असेल-नसेल — जय भीमला जय भीम म्हणायचं असतं. एवढीच रीत. नागपूरला रस्त्यापलीकडून कुणी हाक दिली तर माझे बाबा चालती स्कूटर थांबवतात, पाय टेकवतात आणि उत्तर देऊन मगच पुढे जातात. त्यांची लेक मी. मी त्या मुलाकडे बघून सभ्यसं हसले आणि म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी कर्णिक."

'तुमचा' म्हणाले. माझ्याच वयाच्या पोराला.

शर्वरीची सुरी थांबली का? मी तिकडे बघितलंच नाही. त्याने मात्र माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला सगळं कळलं. कळलेलं मला दिसलं. आणि त्याने काय करावं? त्याने मला सांभाळून घेतलं. "सॉरी हं, चेहरा सेम वाटला," म्हणाला, "नो वरीज." आणि नूडल्सचं पाकीट तसंच हातात घेऊन बाहेर गेला. मी भाजीत मीठ घातलं. लाज वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच मला आज जास्त लाज वाटते.

परत आले आणि काही आठवड्यांत सगळं बंद झालं. सीमा बंद, ऑफिस बंद. खिडकीखालून रिकामी ट्राम जायची, ती बघत मी जेवायचे. त्या दिवसांत मला कुणी धरून ठेवलं? शर्वरीने. पुण्याहून फोन यायचा, "कर्णिक, जेवलीस का?" दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण मग ती कशी थांबेल, काय म्हणेल? की काहीच म्हणणार नाही? तिला मी ती संधीच दिली नाही. ब्रनोतच तिचा निकाल लावून मोकळी झाले होते.

एप्रिलमध्ये जयंती झूमवर झाली. सूत्रसंचालनाला सुमेध होता, हे मला आधीच माहीत होतं. तरी मी गेले. कशाला? तो काय करेल ते बघायचं होतं, दुसरं काही नाही. तो एकेकाचं पूर्ण नाव घेऊन जय भीम म्हणत होता आणि एकेक चौकट उत्तर देत होती. माझी पाळी आली. "जय भीम, पल्लवी गजभिये." बाकीच्यांना म्हणाला तसंच. ना थांबला, ना आवाज बदलला.

मी मोठ्याने "जय भीम" म्हणाले. फ्लॅटमध्ये घुमलं ते. पण माइक बंद होता, आणि तो बंद आहे हे बोलण्याआधी मी बघितलं होतं.

कुणीतरी म्हणालं, "पल्लवी, यू आर ऑन म्यूट." सुमेध थांबला. चांगला थांबला. माझं बोट माउसवरच होतं. मी हसले — ओलोमोउत्सला हसले होते तेच हसू. मग त्याने पुढचं नाव घेतलं.

काल शर्वरीचा मेसेज आला. सीमा उघडतायत म्हणे, परत जाऊ या ना ओलोमोउत्सला, कर्णिक? मी अंगठा पाठवला.