टोकं मोकळी सोडलेली माळ

धाकट्या बहिणीने, मंजूने, फोनवर बजावलं होतं, "ताई, दोह्याला ये, पण डोहाळजेवण-बिवण काही नको." मागचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं आणि आताही सातवाच चालू होता. मी "बरं" म्हटलं आणि हिरवी साडी बॅगेत भरली. मी कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही.

नाशिकहून मुंबई, तिथून विमान. दोह्याच्या विमानतळावरून मेट्रो घ्या, मुशैरिबला गाडी बदला आणि बिन महमूदला उतरा. तिकीट दोन रियाल. डबे थंडगार असतात, शाल हाताशी ठेवा.

मंजूच्या शेजारी केआला राहते, हवाई बेटांवरची. तिच्या बाल्कनीत 'की' नावाच्या झाडाच्या कुंड्या आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो, तर बाई लांब हिरव्या पानांच्या शिरा काढून त्यांना चक्क इस्त्री करत होती. त्याने पानं मऊ पडतात, वळताना तुटत नाहीत. मग जमिनीवर बसून तिने टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि दोन पट्ट्यांना पीळ देत माळ वळू लागली, आपल्याकडे सुतळी वळतात तशीच. मीही अंगठा पुढे केला. माझी माळ दोरखंडाच्या वळणावर गेली, पण झाली.

हौसेने टोकांना गाठ मारून मी ती मंजूच्या गळ्यात घालणार, तोच केआलाने माझा हात धरला.

"गरोदर बाईला बंद माळ घालत नाहीत. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा पडतो म्हणतात. टोकं मोकळी सोडायची."

मंजूला नेमकं हेच ऐकावं लागावं? ती मात्र शांतपणे म्हणाली, "माझं पहिलं बाळ गेलंय."

"मग अजून एक वळू या," केआला म्हणाली. "त्याच्यासाठी."

ती माळ मंजूने स्वतः वळली. माळ शेवटी मातीला नाहीतर समुद्राला परत द्यायची, अशी त्यांची रीत. मंजूने ती कुंडीतल्या झाडाच्या मुळाशी ठेवली आणि तिथेच बसून पोटभर रडली. त्या बाळासाठी तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

डोळे पुसून म्हणाली, "साडी आणली असशीलच. यल्ला, चल, काढ."

शुक्रवारी डोहाळजेवण झालं. मोगरा अल नस्र भागातल्या केरळी दुकानातून आणला; ताजा हवा तर सकाळीच जा. गळ्यात केआलाने वळलेली माळ, टोकं मोकळी.

आता नाशिकला परतलेय. आम्ही सगळे मंजूला "विसर" म्हणत होतो. तिला तर त्या बाळासाठी काहीतरी करायचं होतं, हे मला तिकडे जाऊन कळलं.

काल तिचा फोन आला. "ताई, मुलीची नावं सुचव. मुलाचं आमचं ठरलंय."