दहा वजा तीन वजा दोन

भोंगवलीच्या आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मीच पहिला; असं काही लिहायचा मला अधिकार आहे की नाही, माहीत नाही. चुकलं तर माफ करा. पण आज कापूरहोळच्या एसटी थांब्यावर गॅरेजमधला डिझेलचा वास आला आणि जुना राग उसळला.

इथंच एसटीची वाट बघत मी आमच्या प्रोजेक्टसाठी एका छोट्या प्रोग्रामिंग भाषेचं व्याकरण, म्हणजे तिचे नियम, वहीत लिहिलं होतं. दहा वजा तीन वजा दोनचं उत्तर संगणक, आधी तीनातून दोन वजा करून, नऊ द्यायचा. ते पाच येईपर्यंत मी आठवडाभर एकच नियम खोडत होतो. लॅपटॉप जोडीदार निखिलचा, म्हणून टाइप त्याने केलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हा नियम कुणी लिहिला?"

"मी, सर," निखिल म्हणाला.

'म्या लिवलाय' हेच माझ्या ओठांवर आलं. सगळे हसतील म्हणून मी गिळलं. बाहेर आल्यावर निखिलच हसला. "बोलायचं ना मग! तोंड शिवलं होतं का?"

इतकी वर्षं मी स्वतःवरच चिडत आलो. परवा त्याच कॉलेजात शिकणारी शेजारची वैशाली म्हणाली, "दादा, तुमचा विषय वर्गात निघाला." त्या परीक्षेला हजर असलेले आमचे मार्गदर्शक सर मुलांना सांगत होते, "व्याकरण भोंगवलीच्या पोराचं होतं, मला माहीत होतं. तोच बोलला नाही, मग मी कशाला बोलू?"