माझ्या हातांची साक्ष

मी फिटर होतो. आमचं गाव पारशिवनीकडचं. आयटीआय झालं आणि तेव्हापासून ठेकेदाराच्या टोळीबरोबर कामं असतील तिथे फिरत राहिलो. सगळ्यात जास्त कामं रिफायनरीची. तिथले एकेक भाग मधूनमधून बंद ठेवून दुरुस्त करतात, त्याला आम्ही शटडाऊन म्हणायचो. दिवस-रात्र काम चालायचं. पाइपांचे जोड खोलायचे, आतला कचरा साफ करायचा, गळती थांबवणारं नवीन गॅस्केट टाकून पुन्हा आवळायचे. माझा हात चांगला होता. अवघड जागेचा नट असला की फोरमन मलाच हाक मारायचा.

त्या दिवशीही त्यानेच हाक मारली. वरून ओरडला, "लाइन खाली आहे, खोल." म्हणजे पाइप रिकामा आहे. मिळालेले हातमोजे तेलाने इतके माखले होते की पाना घसरत होता. मी ते काढून ठेवले. शेवटचे बोल्ट सैल केले आणि लाइनीत अडकून राहिलेलं तापलेलं तेल सरळ माझ्या दोन्ही हातांवर आलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कुणीतरी माझी बनियन फाडत होतं, कुणीतरी "पाणी, पाणी" म्हणत होतं, आणि मी फोरमनला सारखं विचारत होतो, "माझा पाना कुठे गेला?"

मांडीची कातडी काढून हातांवर लावली. जखमा भरल्या, पण बोटं आत वळली आणि तशीच राहिली. कोपरं पुरती वाकत नाहीत, म्हणून हात तोंडापर्यंत पोचत नाही. हे सगळं मी मोबाईलमध्ये बोलून लिहितोय. त्याला आमची बोली कळत नाही, मी 'मले' म्हटलं की तो भलतंच काही लिहितो, म्हणून शाळेत शिकवलेल्या मराठीत बोलतो. माणसांचं बोलणं तेवढं पुन्हापुन्हा म्हणून आमच्या बोलीत ठेवलंय.

दवाखान्यातून सुटलो तेव्हा आम्ही गावी गेलो नाही. बायकोने नागपुरात प्रताप नगरात एका बंगल्यामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आजूबाजूच्या घरी स्वयंपाकाची कामं धरली. ती भिवापूरची. लहानपणी आईबरोबर मिरचीची देठं खुडायला जायची. त्या कामात बोटं दिवसभर जळतात, संध्याकाळी हात डोळ्याला लागला तर माणूस तडफडतो. तरी तिने मला कधी "मला माहीत आहे कसं जळतं ते" असं म्हटलं नाही. फक्त मलम लावताना ती फुंकर घालायची.

घरात एक व्यवस्था आपोआप ठरली. कामावर जाण्याआधी ती दार लावायची, पडदा ओढायची, मला संडासला न्यायची, धुवायची, अंघोळ घालायची, भरवायची. मग मला पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, वरून पातळ दुपट्टा हातांवर टाकून खुर्चीत बसवायची. पडदा उघडायची. त्यानंतर कुणीही आलं तरी त्यांना बसलेला, बोलणारा, हसणारा माणूस दिसायचा. नागपूरच्या मे महिन्यातही माझा दुपट्टा निघाला नाही. लोक विचारायचे, "आता कसं आहे गा?" मी म्हणायचो, "मस्त आहे." बायको आतून म्हणायची, "आता बरंच करतेत त्यायचं ते."

आम्ही दोघांनी हे कधी बोलून ठरवलं नव्हतं.

एकदाच उघडं पडता पडता वाचलो. मेहुणीचं लग्न होतं. पंगतीऐवजी बुफे होता, सगळे ताटं घेऊन उभे. मी म्हणालो, मला भूक नाही. बायकोने ताट वाढून घेतलं आणि मला मांडवामागे नेलं, जिथे आचाऱ्यांची भांडी पडली होती. ती मला घाईघाईने घास देत होती तेवढ्यात माझा साडू पान थुंकायला तिकडे आला. त्याने पाहिलं, लगेच पाठ फिरवली आणि गेला. पुढे त्याने तो विषय कधी काढला नाही. तो चांगला माणूस आहे. पण त्याचं ते पाठ फिरवणं मला आजही दिसतं. मी त्या दिवशी अर्धवट जेवून उठलो आणि परतीच्या बसमध्ये बायकोशी एक शब्द बोललो नाही. जणू चूक तिची होती.

ती जिथे पोळ्या करायची त्या घरच्या बाईंनी तिला सांगितलं की जखमी कामगाराला भरपाई मागता येते, त्यासाठी रिफायनरीच्या गावी जावं लागत नाही, राहतो तिथे अर्ज करता येतो, आणि वकीलही फुकट मिळतो. मला जायचं नव्हतं. ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं होतं, कंपनी म्हणत होती हा आमचा माणूस नाही, आणि हातमोजे मीच काढले होते. ते तर मला पाठ झालं होतं. दवाखान्यात ठेकेदाराचा माणूस रोज येऊन तेच सांगायचा, "तुझीच गलती आहे भाऊ. कोनाले सांगू नको, उलट केस होईन."

वकीलबाई आमच्यापेक्षा वयाने लहान असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातमोज्यांचं सांगताना माझी मान खाली गेली, तर त्या म्हणाल्या, "लाइन खाली आहे की नाही ते तपासायचं काम तुमचं होतं का?"

"नाही. सेफ्टीवाल्याचं."

"मग तुम्ही कशाला मान खाली घालता? हे बघा, तुमचे दोन्ही हात कायमचे कामातून गेले, हे आपण कोर्टाला दाखवलं, तर हातमोज्यांचा मुद्दा त्यांच्या उपयोगाचा राहत नाही. कायदाच तसा आहे. पण हात थोडेफार चालतात असं निघालं, तर ते त्याच मुद्द्यावर उभे राहतील. म्हणून जे आहे ते सगळं सांगा. काही लपवू नका."

मी हो म्हणालो. बायकोही हो म्हणाली.

माझ्या साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. कामगार कोर्टाची खोली लहान, बाकांवर दुसऱ्या केसेसची माणसं बसलेली, दारात चहावाला. समोरचे, म्हणजे कंपनीचे वकील वयस्कर, अतिशय सभ्य. त्यांनी मला "भाऊ" म्हटलं. विचारलं, "दैनंदिन कामांत मदत लागते असं तुम्ही लिहून दिलं आहे. म्हणजे थोडीफार लागत असेल?"

मी पिंजऱ्यातून बाकांकडे पाहिलं. पहिल्याच बाकावर माझ्या वयाचा एक माणूस बसला होता, हातात मोटारसायकलची किल्ली फिरवत. तो माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो. "थोडीफार."

वकीलबाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर त्या रागावल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "आता तुमच्या मिसेसच्या साक्षीवर आहे."

पुढच्या तारखेला बायको पिंजऱ्यात उभी राहिली. तिने चांगली साडी नेसली होती, पदर डोक्यावर घेतला होता. तेच सभ्य वकील उठले.

"ताई, मदत म्हणजे नेमकं काय करता तुम्ही? जेवण तर ते स्वतः करत असतील?"

तिने मनगटावरच्या बांगड्या सारख्या केल्या.

"चमच्याने वगैरे?"

"हो," ती म्हणाली. "चमच्यानं करतेत."

"अंघोळ?"

"त्यायचे ते करतेत."

"आणि संडास, कपडे?"

ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर टाइपिस्टच्या मशीनवर होती. "सगळं त्यायचे ते करतेत. मी फक्त पाणी काढून देतो."

टाइपिस्टने ते लिहून घेतलं. समोरच्या वकिलांनी मान हलवली आणि कागद एकावर एक ठेवले. वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. मला कळत होतं, काय झालं ते. आमची केस तिथेच गेली होती. आणि तरीही, खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. तिने मला झाकलं होतं. सगळ्या कोर्टासमोर दुपट्टा टाकला होता माझ्यावर.

मग ती पिंजऱ्यातून उतरायला लागली. पायरीवर तिचा हात कठड्याला टेकला आणि मी तो हात पाहिला. सकाळी घाईत मला भरवताना गरम वरण सांडून तिच्या मनगटावर फोड आला होता. तो तिने बांगड्यांखाली लपवला होता.

मी उठलो. का उठलो ते मला तेव्हा कळलं नाही.

"साहेब, ते खोटं बोलून राहिली," मी म्हणालो.

सगळी खोली वळली. न्यायाधीश साहेब म्हणाले, "खाली बसा. तुमची साक्ष झालेली आहे."

"झाली साहेब. मीही खोटंच बोललो."

बायको तिथेच पायरीवर थांबली. "बसा न," ती हळूच म्हणाली. "काहून करून राह्यले असं?"

वकीलबाई उभ्या राहिल्या आणि मला पुन्हा साक्षीला बोलवायची परवानगी मागितली. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. थोडी बोलाचाली झाली. साहेबांनी माझ्या दुपट्ट्याकडे पाहिलं आणि परवानगी दिली.

पिंजऱ्यात वकीलबाईंनी विचारलं, "दुपट्टा काढाल का?"

मला तोही काढता येत नव्हता. शिपाई पुढे आला आणि त्याने तो काढला. कुणीतरी मागे "अरे राम" म्हणालं. पहिल्या बाकावरच्या बाईने तोंड फिरवलं. मी बोलायला सुरुवात केली. मला भरवतात हे सांगितलं. मला अंघोळ घालतात हे सांगितलं. नंतरचं सांगायला लागलो, तर साहेब म्हणाले, "समजलं, राहू द्या." मी म्हणालो, "नाही साहेब, लिहून घ्या. संडासला गेलो की मले हेच धुते. रोज. लहान लेकरासारखं."

टाइपिस्टची बोटं क्षणभर थांबली. मग मशीन सुरू झालं. आपलं वाक्य खटखट कागदावर उमटताना ऐकलं आणि कानशिलं तापली. समोरच्या वकिलांनी दोन-चार प्रश्न विचारले, पण माझ्याकडे न बघता. मी उतरलो तेव्हा लोकांनी मला वाट दिली, गरजेपेक्षा जास्त रुंद वाट.

ऑटोत बायको कोपऱ्यात बसली. प्रताप नगरचा चौक आला. तेव्हा म्हणाली, "तुमी मले सगळ्यायसमोर खोटी पाडली."

"केस गेली असती वं."

"जाऊ द्याची होती."

"मी माझी लाज सोडली. तुझी कुठं काढली?"

ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "तुमाले वाटते मी तुमच्यासाठी खोटं बोलली? त्या बाकड्यावर माणसं बसून होते. त्यायच्यासमोर मी काय सांगू, की मी माह्या नवऱ्याले काय काय करतो? माझी काही लाज नाही का?"

हे मला इतक्या दिवसांत कधी सुचलं नव्हतं. झाकायचं ते माझंच, असं मी धरून चाललो होतो. पडदा मी माझ्यासाठी समजत होतो. त्याच्या आत तीही होती, आणि बाहेर निघून लोकांच्या स्वयंपाकघरात त्याच हातांनी पोळ्या लाटत होती. तिथल्या बायांना कळलं तर त्या काय म्हणतील, ही भीती ती रोज सोबत घेऊन जात होती. आणि मी ते सगळं सरकारी कागदावर लिहून घ्यायला लावलं होतं.

पुढचे कितीतरी दिवस ती माझं सगळं करायची, पण बोलायची नाही. फुंकरही घालायची नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "आता मागून काय होते?"

निकाल आमच्या बाजूने लागला. दोन्ही हात गेल्यासारखेच आहेत असं साहेबांनी मानलं, हातमोज्यांचा मुद्दा उडाला, आणि कंपनी व ठेकेदार दोघांनाही जबाबदार धरलं. वकीलबाईंनी निकाल वाचून दाखवला. त्यात माझी साक्ष आली होती, सभ्य भाषेत, "वैयक्तिक स्वच्छतेसाठी पत्नीवर पूर्णतः अवलंबून." पत्नी हा शब्द आला तेव्हा बायकोने पदर सारखा केला. वरच्या कोर्टात जाण्याची धमकी कंपनीने दिली, पण गेली नाही. पैसे आले. तिने बाहेरची कामं सोडली. ज्या बाईंनी आम्हाला वाट दाखवली, त्यांच्याकडे पेढे द्यायलाही ती गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्यायले ठाऊक असन आता."

मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की लाज कमी होईल. माझी थोडी झाली. मी आता दुपट्टा घेत नाही. तिची मात्र वाढली, आणि ती माझ्यामुळे.

परवा माझ्याच टोळीतला एक वेल्डर आला. दुसऱ्या शटडाऊनला त्याच्या कमरेखाली भाजलंय. सोबत त्याची बायको होती, तरुण, सारखी पायाच्या बोटांकडे बघणारी. वेल्डर मला तारखा, वकील, काय बोलायचं, सगळं विचारत होता. मी सांगत होतो. त्याने विचारलं, "हिच्याही साक्षीची गरज लागन का गा?"

मी उत्तर द्यायच्या आधी माझी बायको आतून आली. तिने त्या मुलीला हाताला धरून उठवलं, "चाल वं, आत बसू," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात नेऊन दार लोटून घेतलं. बराच वेळ आतून बोलण्याचा आवाज येत होता. मधे ती मुलगी रडली असावी. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.