पाव इंचाचा चकवा

आमचे व्याही चौतीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात होते. म्हणजे दुकानात शिरायचं, पारड्याच्या बुडाखाली बोट फिरवायचं, तिथे मेणाचा गोळा चिकटवलाय का ते बघायचं, आणि दुकानदार हसला तर पुन्हा एकदा बघायचं. हसतो म्हणजे काहीतरी आहे, हा त्यांचा सिद्धांत. माझा मुलगा त्यांच्या मुलीशी लग्न करायचं म्हणाला, तेव्हा ते आमचं घर बघायला आले आणि मी मूर्खासारखा तोंडभर हसलो. लग्न सहा महिने लांबलं.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खोड गेली नाही. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की हे विचारणार, "यंत्र शेवटचं कधी तपासलंत?" त्यांची बायको त्यांना चारचौघांत संशयपिशाच्च म्हणायची आणि खुशाल हसायची. तिच्या हसण्यावर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. घरी शिवणकाम करायची बाई, हातात सतत टेप आणि तोंडात टाचण्या. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मग दोन गल्ल्या पलीकडच्या त्या घरात व्याही एकटेच राहिले आणि संशय घ्यायलाही कोणी उरलं नाही. मला वाटतं, उपाशी माणूस वाळतो तसे ते वाळत चालले होते.

त्यांना बाहेर काढलं नातीने. नात म्हणजे माझ्या मुलाची आणि त्यांच्या मुलीची एकुलती एक लेक, आम्हा दोघांत सामाईक. मला आबा म्हणते, त्यांना मापआजोबा. वय तेवीस, दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला. बारीक ब्रश, बारीक कोरणी आणि मुबलक प्लास्टर, म्हणून तिने करंगळीएवढ्या बाहुल्या करून रंगवल्या आणि भुतांच्या शिकारीचा एक खेळ मांडला. दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं रान उभं राहायचं. स्पंजाची झाडं, आरशाच्या तुकड्याचं तळं, एक गुहा, एक विहीर, दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर पक्की चिकटवलेली. रानात कधी हडळ, कधी खवीस, कधी झोटिंग. भुतांच्या बाजूने नात खेळणार, शिकारी आम्ही तिघं: मी, आमची ही आणि व्याही. फासे टाकून वार करायचा आणि एका डावात सहा इंच चालायचं, टेपने मोजून. आज झालेली जखम पुढच्या रविवारीही तशीच राहणार आणि मेलेली बाहुली पुन्हा टेबलावर येणार नाही, असा कडक कायदा. बारा शिकारी झाल्या की मोहीम संपली.

माझा कुऱ्हाडवाला. हिची तिरंदाजीण. व्याह्यांनी निवडली कंदीलवाली म्हातारी, कारण तिच्या हातात उजेड होता आणि तिला सगळ्यांचे हात दिसत होते. मोजायची टेपही तेच घेऊन आले होते, गोल डबीत गुंडाळलेली, पितळी टोकाची, बायकोची.

नऊ शिकारी मजेत गेल्या. व्याह्यांच्या गालांवर मांस आलं. दहाव्या रविवारी ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचा कुऱ्हाडवाला विहिरीच्या पुढे गेलाय."

"दोन डाव चालला ना तो!"

"दोन डाव म्हणजे बारा इंच. गुहेपासून विहीर बरोब्बर बारा इंच. तो विहिरीपाशी थांबायला हवा. हा पाव इंच कुठून आला?"

"विहीर बारा इंचांवर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गुरुवारी दुपारी येऊन पुठ्ठ्यावरच मोजली. स्टीलच्या पट्टीने. तुम्ही घोरत होता." आणि मग हळूच, "बाहुली ठेवताना तुम्ही अंगठा लावता."

आता माझी एक वाईट सवय आहे, आळ आला की मला गोष्ट आठवते. आमच्या गावच्या शाळेत एकच फूटपट्टी होती आणि तिचा पहिला इंच उंदराने खाल्लेला. मास्तर दुसऱ्या इंचापासून मोजायचे आणि शेवटी एक वजा करायला हटकून विसरायचे. त्यामुळे आमच्या वर्गातली सगळी पोरं सरकारदरबारी इंचभर उंच आहेत. ही गोष्ट सांगून मी हसलो.

"हसलात," व्याही म्हणाले.

झालं! अकराव्या रविवारी ते भिंग घेऊनच आले. मी बाहुली उचलली की भिंग माझ्या अंगठ्यावर. ही चहा घेऊन आली तर म्हणाले, "विहीणबाई, कप ठेवताना टेबल हलतं."

"मग काय, चहा खिडकीतून ओतू?"

"मी आरोप करत नाही. नोंद घेतोय."

संशय म्हणजे सर्दीसारखा, एकाला झाला की घरभर. रात्रीच्या जेवणाला ही माझ्या अंगठ्याकडे टक लावून बघायला लागली. म्हणाली, "पत्ते खेळताना तुम्ही राजा बुडाखाली लपवायचात, आठवतंय मला."

"अगं, पंचेचाळीस वर्षं झाली त्याला!"

"बूड तेच आहे ना?"

खरं सांगतो, मी स्वतःही अंगठा उजेडात धरून पाहिला.

बुधवारी व्याह्यांचा नातीला फोन आला. शेवटच्या शिकारीला लबाडी सापडली नाही तर ते टेबलावरून उठणार आणि परत कधी बसणार नाहीत. नात स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली, डोळे भरलेले.

"आबा, ते एकदा उठले की त्या घरात जाऊन भिंतीवरच्या घड्याळाशी भांडत बसतील, पूर्वीसारखे. तुम्ही कबूल करून टाका ना."

"काय? अंगठा?"

"खोटं खोटं."

"करतो बाई. पण कबुली दिली की त्यांचा संशय दुप्पट होतो. चौतीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."

बारावी शिकार चकव्याची होती. वाटसरूला गोल गोल फिरवून दमवणारं भूत. त्या दिवशी खेळात कोणाचंच मन नव्हतं. माझे दोन्ही हात टेबलावर उघडे, पोलिसांसमोर ठेवावेत तसे. कंदीलवालीवर आधीच दोन जखमा, तिसरी म्हणजे मरण. आणि नातीचा चकवा स्पंजाच्या झाडामागून नेमका तिच्यासमोर निघाला. चकव्याचा हात सहा इंच पोचायचा, आणि पोचला की जखम ठरलेली, फासेसुद्धा नाहीत. नातीने टेप लावली. पितळी टोक चकव्याच्या पायाशी, सहाचा आकडा बरोबर म्हातारीच्या पायाशी.

"लागतो, मापआजोबा," ती बारीक आवाजात म्हणाली. "सहा."

"थांब." व्याह्यांनी कोटाच्या आतून स्टीलची फूटभर पट्टी काढली. एक डोळा मिटून मोजलं. "सहाच्या वर फट आहे. लागत नाही!" मग आमच्याकडे वळून, "बघितलंत? सगळ्यांदेखत! आता सांगा, कोण सरकवतंय?"

कोणीच काही सरकवलं नव्हतं, टेप लावल्यापासून बाहुल्यांना हातच लागला नव्हता. नातीने टेप उचलली आणि पट्टीशेजारी लांब करून ठेवली. पट्टी संपली तिथे टेपेचा बाराचा आकडा आलाच नव्हता. तो पाव इंच पुढे होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणली जाते, टोकाकडची तर फारच, हे मला व्याह्यांनीच शिकवलं होतं. नोकरीत असताना अशी टेप सापडली की ते दुकानदारादेखत कात्री मागवून तिचे दोन तुकडे करायचे. किती टेपा कापल्या असतील, त्यांनाच ठाऊक. आमच्या हिने टेबलाच्या कोपऱ्यावरची पुठ्ठा कापायची कात्री उचलली आणि हळूच खुर्चीतल्या उशीखाली सारली.

"विहीणबाई, मी पाहिलं."

"पाहिलंत तर पाहिलंत. मी काही देणार नाही."

नात म्हणाली, "मापआजोबा, आपण सगळे या टेपेनेच तर चाललो. भुतंसुद्धा. मग फसलं कोण?"

"दुकानदारही हेच म्हणायचे," व्याही म्हणाले.

पट्टी खरी धरली तर कंदीलवाली वाचत होती, पण टेप खोटी ठरत होती. आणि खोट्या मापाचं काय करायचं, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्यांनी टेपेचं पितळी टोक चिमटीत धरून अंगठ्याने दोनदा पुसलं.

"घरातलं सगळं तपासलं मी," ते म्हणाले. "ही तेवढी राहिली."

पट्टी उचलून त्यांनी कोटात घातली. टेप परत चकव्यापासून म्हातारीपर्यंत लावली, स्वतः, वाकून. "सहा. लागतो." आणि एका बोटाने कंदीलवालीला आडवी केली.

"अहो पण मापआजोबा, ती..."

"अकरा वेळा या टेपेच्याच पाव इंचावर निसटली असेल. कोणाला ठाऊक?"

चकवा शेवटी आमच्या हिच्या तिरंदाजिणीने मारला, पण कोणी ओरडलं नाही. व्याह्यांनी टेप गुंडाळून डबीत भरली. मला वाटलं, आता डबी खिशात जाणार आणि हे उठणार. ती त्यांनी कपबशांच्या मधोमध ठेवली. "इथेच राहू दे. या टेबलावर हेच माप," असं नातीला सांगितलं. माझी माफी? नाव काढू नका. जाता जाता म्हणाले, "व्याहीबुवा, तरी तो अंगठा आवरा."

पुढच्या रविवारी नवी मोहीम मांडली. व्याही सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले. नातीने त्यांच्यापुढे चार नव्या बाहुल्या ठेवल्या, त्यांतली त्यांनी पाठीवर ढाल अडकवलेली बाई घेतली. मग कोटातून औषधं तोलायचा इवलासा काटा काढला आणि टेबलावरचे फासे एकेक करून त्याच्यावर ठेवायला लागले.

"सहा सारखे कोणाला पडतात, ते बघायचंय," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हसलो.