तेवढंच गवत

काल नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरापुढचं गवत माळ्यानं उपटलं आणि ओल्या मुळांच्या त्या वासानं मी सरळ भिवापूरच्या आमच्या शेतात जाऊन पोचले. सत्तर सालच्या सुमाराची, श्रावणातली गोष्ट. मिरचीचं निंदण चाललं होतं. धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या गवतात घातलेला आईचा हात एकाएकी थांबला. विळ्याच्या टोकापाशी मातीच्याच रंगाची लांडोर अंड्यांवर बसली होती. ती उडाली नाही, मानही हलवली नाही. मी हिरमुसले, मला पिसारा हवा होता. पिसारा असता तर कोल्ह्यानं तिला केव्हाच गाठलं असतं, हे तेव्हा कुठलं कळायला.

बाबांना शेतात काडीभर गवत खपत नसे. ते आले नि म्हणाले, "एवढं काहून सोडलं वं?"

"लांडोर अंडे उबवून राहिली," आई म्हणाली. "तिले उठवू नोका."

बाबांनी वाकून पाहिलं आणि पाय न वाजवता मागं सरले.

पुढे पिल्लं निघाली. लांडोर त्यांना घेऊन गेली, ती पुन्हा त्या जागी बसली नाही. पण आई गेल्यावरही बाबा दर श्रावणात तेवढा तुकडा कुणाला निंदू देत नसत.