निळ्या बिल्ल्याच्या कालवडी

डॉक्टर मोनिका साळवेचा राग श्रीरामपुरात निम्म्या गावाला ठाऊक. दुधात पाणी घातलेलं एकवेळ चालेल, पण तोंडावर खोटं बोललेलं चालायचं नाही, असली बाई! बापाच्या गोठ्यात वाढली, गुरांची डॉक्टर झाली आणि चारचौघांसारखा दवाखाना थाटायचा सोडून गाईंच्या क्षयाच्या मागे लागली. आई वैतागून म्हणायची, "पोरी, इथं माणसांचा खोकला ऐकायला डॉक्टर मिळत नाहीत आणि तू गाईंचा ऐकत हिंडतेस!"

पण मोनिकाचं काही चुकत नव्हतं. क्षयाची गाय इथे मारता येत नाही, आणि महिनोन्‌महिने तिचं औषधपाणी कुणाला झेपत नाही. मग ती गोशाळेत येते, खोकते आणि शेजारणीलाही देते. आपल्या बाळांना टोचतात ती बीसीजी लस वासराला टोचली, तर ते आजारी गाईंत राहूनही तगेल का? म्हणायला एवढंच बघायचं होतं, पण त्याच्या मंजुऱ्या मिळवता मिळवता तिच्या चपला झिजल्या.

नेवाशाकडची एक गोशाळा शेवटी तयार झाली. तिथल्या निम्म्या वासरांना लस टोचली आणि त्यांच्या कानात पिवळा बिल्ला लावला. उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचून निळा बिल्ला लावला. सगळी वासरं खोकणाऱ्या गाईंच्याच गोठ्यात ठेवायची. निळी आजारी पडली आणि पिवळी तगली, तर लस खरी. गोठा सांभाळणाऱ्या पुंजाराममामाने रंगांचं कोडं विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं. म्हाताऱ्या माणसापासून काय लपवायचं?

दर महिन्याला ती उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ खात स्कूटीवर जायची आणि वासरांचं रक्त काढून आणायची. पिवळ्यांच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी झकास जाग्या झालेल्या दिसत. बाई खूश! वर्ष सरलं, वासरांच्या कालवडी झाल्या. मग शेवटची चाचणी आली. नुसत्या लशीला फसत नाही, खरा क्षय तेवढाच दाखवते अशी नवी चाचणी होती. मानेवर टोचायचं आणि दोन-तीन दिवसांनी बघायचं. क्षय अंगात शिरला असेल तर तिथे गाठ येते.

पिवळ्यांच्या माना साफ होत्या. आणि निळ्यांच्याही साफ!

आता बोला! पहारेकरी जागा आहे खरा, पण चोर गल्लीत फिरकलाच नाही, तर पहारा चोख होता हे सांगायचं कुणी? मोनिकाने एकेक मान पुन्हा चाचपली. शेजारच्या गाई तर खोकून खोकून बेजार झालेल्या.

"मामा, हे झालं कसं?"

पुंजाराममामा खुलला. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "कसं म्हंजी? निळ्यावाल्या म्या कवा हितं ठिवल्याच न्हाईत. तुमी यायच्या दिशी तेवढ्या आनायचो. एरवी माझ्या वस्तीवर, लिंबाखाली. एका पंगतीला बसवायचं आन्‌ एकाच्या पानात बासुंदी, दुसऱ्याच्या पानात पानी? आसला पंक्तिप्रपंच आमच्यात न्हाई चालत, मॅडम. औशिद न्हाई गावलं, तर हवा तरी चांगली गावू द्या बिचाऱ्यांना!"

झालं! वर्षाचं सगळं मुसळ केरात. मोनिकाचा आवाज गोठ्याच्या पत्र्याला जाऊन भिडला. "मामा, काय करून ठेवलंत हे? ह्या मूठभर कालवडी वाचवल्यात, आणि लस खरी ठरली असती तर गावोगावच्या वाचल्या असत्या, त्यांचं काय? किती वेळा समजावलं होतं मी! पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!"

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. टोपी काढून घाम पुसला.

"तुमचं खरं आसंल. मला त्यातलं कळत न्हाई. पन एवढं सांगा, ह्यातली कोनती मरायला सोडायची हुती?"

ती आणखीनच भडकली. निम्मा राग स्वतःवरचा होता, कारण रंग सांगायची अक्कल तिचीच. तिथूनच तिने मंजुरी देणाऱ्या वरिष्ठांना फोन लावला. अजून वर्षभर मुदत मिळेल, ते म्हणाले, पण आजपासून निळ्या खरोखरच गाईंत राहिल्या पाहिजेत.

"ऐकलंत मामा? आजपासून निळ्या इथंच. रात्रंदिवस."

मामाने एका निळ्या कालवडीचं दावं सोडलं आणि मोनिकाच्या हातात दिलं. "तुमीच बांधा. माझ्या हातनं न्हाई व्हायचं." एवढं बोलून तो बाहेर जाऊन पाठ फिरवून बसला.

मोनिकाने रागारागाने दावं ओढलं. ओढायची गरजच नव्हती. गाईकडे जायचं म्हटल्यावर कालवड आपणहून उड्या मारत निघाली. कोपऱ्यातल्या हाडकुळ्या गाईने मान वर केली, ती खोकली आणि कालवडीचं कपाळ चाटायला लागली. कालवडीनेही डोळे मिटून तिच्या तोंडाशी तोंड नेलं.

हेच तर हवं होतं. गेलं वर्षभर हेच व्हायला हवं होतं. मोनिकाने खुंट्याला गच्च गाठ मारली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं ए, जरा लांब राहा की गं तिच्यापासून!"